कॉर्नर: राखायचं काय, सोडायचं काय

फुटबॉलमध्ये कॉर्नर मिळाला की प्रेक्षक उठून उभे राहतात. एरवी मागे राहणारे उंच बचावपटू समोरच्या गोलपाशी धावत येतात, समालोचकाचा आवाज चढतो. आणि मग बहुतेक वेळा काहीच होत नाही. व्यावसायिक फुटबॉलमध्ये शंभर कॉर्नरमागे गोल होतात साधारण तीन ते चार. उरलेल्या शहाण्णव-सत्त्याण्णव वेळा बचाव करणारा संघ जिंकतो आणि त्याबद्दल कुणी टाळीसुद्धा वाजवत नाही. मला नवल वाटतं ते या शहाण्णवांचं. कारण गणित मांडून पाहिलं, तर कॉर्नर वाचवणं अशक्यच वाटावं.

मोठ्या सामन्यांचं मैदान ६८ मीटर रुंद असतं. कोपऱ्यातल्या झेंड्यापासून गोलचा जवळचा खांब तीस मीटरच्या किंचित पुढे. गोल ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. चेंडू मारल्यापासून गोलसमोर पोचायला दीड-दोन सेकंद लागतात. तो मारणाऱ्याच्या कोपऱ्यापासून प्रतिस्पर्ध्यांनी ९.१५ मीटर लांब राहायचं, म्हणजे त्याला निवांत नेम धरता येतो. कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइडही नाही, त्यामुळे आक्रमक अगदी गोलरक्षकाच्या छाताडाला छाती लावून उभा राहिला तरी चालतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चेंडू कुठे पडणार हे आक्रमकांना ठाऊक असतं. मारणारा हात वर करतो, एक बोट की दोन, तो त्यांचा आपसातला संकेत. बचाव करणाऱ्यांना मात्र चेंडू हवेत आल्यावरच कळतं, तेही अर्धवट.

त्या दीड-दोन सेकंदांत प्रत्येक बचावपटूला चेंडूचा अंदाज घ्यायचा, आपला माणूस कुठे पळाला ते पाहायचं, गोलरक्षकाची हाक ऐकायची आणि उडी मारायची असते. दहा माणसं आणि एक गोलरक्षक मिळून हे सगळं राखू शकत नाहीत. म्हणून शहाणा प्रशिक्षक आधी ठरवतो की सोडायचं काय. कॉर्नरच्या बचावाच्या सगळ्या पद्धती म्हणजे या एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत.

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने कॉर्नरचा नियम १८७२मध्ये स्वीकारला. शेफील्डच्या स्थानिक नियमांत तो त्याआधीच होता. पण कॉर्नरवरून थेट गोल झाला तर तो धरायला सुरुवात झाली १९२४पासून. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला अर्जेंटिनाच्या सेसारेओ ओनसारीने उरुग्वेविरुद्ध तसा गोल केलाही. उरुग्वे तेव्हा नुकतंच ऑलिंपिक जिंकून आलं होतं, म्हणून लॅटिन अमेरिकेत अशा गोलला आजही ‘ऑलिंपिक गोल’ म्हणतात. कुणाच्याही डोक्याला, पायाला न लागता चेंडू कोपऱ्यातून वळून जाळ्यात! हे होऊ शकतं, कारण फिरणारा चेंडू आपल्याभोवतीची हवा एका बाजूला वळवतो आणि ती हवा चेंडूला उलट बाजूला ढकलते. उजव्या पायाच्या खेळाडूने आक्रमणाच्या डाव्या कोपऱ्यातून आतल्या कडेने मारलेला चेंडू गोलकडे वळतो, त्याला इनस्विंगर म्हणतात. त्याच पायाने उजव्या कोपऱ्यातून मारला की तो गोलपासून दूर जातो, तो आउटस्विंगर.

या दोघांचा बचाव वेगळा. इनस्विंगर गोलरक्षकाच्या अंगावर येतो, तिथे गर्दी असते, आणि कुणाचा नुसता केस लागला तरी चेंडू आत जाऊ शकतो. आपल्याच बचावपटूचा लागला तरीही. आउटस्विंगर गोलरक्षकाच्या आवाक्याबाहेर पळतो, पण आक्रमकाला त्यावर धावत येऊन पूर्ण ताकदीने डोकं घालता येतं. पहिल्यात बचाव गोलरेषेजवळ हवा, दुसऱ्यात थोडा पुढे सरकलेला. आता कल्पना करा की झेंड्यापाशी दोन जण उभे आहेत, एक डावखुरा, एक उजवा. शेवटच्या क्षणापर्यंत बचावाला कळत नाही की कोण मारणार.

मग उभं राहायचं कसं? जुनी पद्धत म्हणजे माणूस धरायची. प्रत्येकाने एकेक आक्रमक वाटून घ्यायचा आणि तो जाईल तिथे जायचं. ऐकायला सरळ आहे, जबाबदारी स्पष्ट आहे. अडचण डोळ्यांची आहे. चेंडू एका बाजूने येतो, माणूस दुसरीकडून पळतो, आणि दोन्ही एकाच वेळी दिसत नाहीत. म्हणून बचावपटूला अंग तिरकं ठेवून, एक नजर इकडे एक तिकडे करत उभं राहावं लागतं. आक्रमक नेमकी त्याची नजर चेंडूकडे वळण्याची वाट पाहतो आणि तेवढ्यात सटकतो.

दुसरी पद्धत जागा धरायची. गोलसमोर साडेपाच मीटर खोलीची जी लहान चौकट असते, खेळाडूंच्या बोलीत सिक्स यार्ड, तिच्या रेषेवर चार-पाच जण भिंतीसारखे उभे करायचे. प्रत्येकाचा ठरलेला तुकडा. त्या तुकड्यात चेंडू आला की तो त्याचा, आक्रमक कोण आहे याच्याशी देणंघेणं नाही. इथे सगळे चेंडूकडे तोंड करून असतात, कुणाच्या मागे पळून कुणी जागा सोडत नाही. पण उभ्या माणसाची उडी आणि धावत आलेल्याची उडी यांत फरक असतोच. धावणाऱ्याच्या अंगात आधीच वेग असतो, शेवटच्या पावलावर तो त्याला वर वळवतो.

हा फरक पाहायचा असेल तर दरबानमधला २०१०च्या विश्वचषकाचा उपांत्य सामना आठवा. ७ जुलै, स्पेन विरुद्ध जर्मनी, ७३वं मिनिट. स्पेनच्या चावीने डावीकडून कॉर्नर घेतला. कार्लेस पुयोल बाहेरून धावत आला आणि असा उसळला की चेंडू डोक्यावरून तोफेसारखा जाळ्यात गेला. पुयोलची उंची १.७८ मीटर, फुटबॉलमधल्या मध्य-बचावपटूंत बुटकाच. जर्मनीच्या बचावात त्या दिवशी १.९८ मीटरचा पेर मेर्टेसाकर होता. वीस सेंटिमीटरचा फरक त्या धावेने पुसून टाकला. स्पेनने तो सामना १-०ने जिंकला आणि चार दिवसांनी विश्वचषक.

जागा धरण्याच्या पद्धतीवरून इंग्लंडमध्ये मोठी भांडणं झाली. राफाएल बेनिटेझ हा स्पॅनिश प्रशिक्षक २००४मध्ये लिव्हरपूलला आला आणि त्याने कॉर्नरला जागा धरायला लावली. गोल झाला की ब्रिटिश समालोचक लगेच पद्धतीला नावं ठेवायचे. मला यात एक गंमत दिसते. माणूस धरायच्या पद्धतीत गोल बसला तर दोष त्या एका खेळाडूचा मानतात, ‘याने माणूस सोडला’ म्हणतात. जागा धरायच्या पद्धतीत गोल बसला तर पडद्यावर दिसते मोकळी पडलेली भिंत, गुन्हेगार कुणी नाही, मग खापर फुटतं प्रशिक्षकावर. दोन्हीकडे गोल एकच असतो.

आज बहुतेक मोठे संघ दोन्हींचं मिश्रण करतात, आणि ते मिश्रण मराठी वाचकाला कबड्डीवरून पटकन कळेल. कोपरारक्षक आपली जागा धरून असतो, पण चढाई करणारा आवाक्यात आला की तो जागा विसरून माणसावर झेपावतो. फुटबॉलमध्येही साधारण पाच जण सिक्स यार्डच्या रेषेवर जागा धरतात आणि दोन-तीन जण समोरच्या सर्वांत धोकादायक हेडरवीरांना आडवे जातात. या आडवे जाणाऱ्यांचं काम चेंडू जिंकणं नसतंच. आक्रमकाची धाव मोडायची, एक पाऊल चुकवायचं, एवढंच. धाव मोडली की पुयोल पुन्हा १.७८ मीटरचा होतो.

भिंतीतली सर्वांत मोलाची जागा कुठली, असं विचारलं तर मी डोळे मिटून जवळच्या खांबाकडे बोट दाखवेन. तिथे उभा राहणारा खेळाडू संघातला उत्तम हेडर मारणारा असतो, अनेकदा चक्क आघाडीवीर असतो. कारण चेंडू तिथून नुसता निसटून दिशा बदलून पुढे गेला, तर मागच्या सगळ्यांचे अंदाज चुकतात. २०१८च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी, सेंट पीटर्सबर्ग, फ्रान्स विरुद्ध बेल्जियम. ग्रीझमनचा कॉर्नर जवळच्या खांबाकडे आला. तिथे बेल्जियमचा १.९४ मीटर उंचीचा मारुआन फेलैनी होता. सॅम्युएल उमटिटी त्याच्या पुढे घुसला आणि त्याच्याआधी चेंडूला डोकं लावलं. फ्रान्स १-०, तोच निकाल. फेलैनी उंच होता, पण उमटिटी अर्धा पाऊल पुढे होता.

खांबावर माणूस ठेवावा का, हाही न संपणारा वाद. जुन्या काळी दोन्ही खांबांना एकेक जण पाठ टेकून असायचा. त्यामुळे गोलरेषेवरून चेंडू परतवता येतो, हे खरं. पण त्याची किंमत दुहेरी आहे. ते दोघे भिंतीतून कमी होतात. आणि कॉर्नरला ऑफसाइड नसला तरी चेंडू एकदा परतवला की नियम लागू होतो. तेव्हा खांबाला चिकटून राहिलेला एक माणूस समोरच्या सगळ्या आक्रमकांना ऑफसाइडमधून वाचवतो. म्हणून चेंडू बाहेर गेला रे गेला की गोलरक्षक ‘बाहेर, बाहेर’ ओरडत सगळ्यांना पुढे हाकलतो.

परतवलेला चेंडू पडतो कुठे, यावर खरं तर अर्धा बचाव ठरतो. उंच, लांब आणि कडेला मारा, असं प्रशिक्षक सांगतात. मधोमध, अर्धवट परतवलेला चेंडू म्हणजे दुसरं आमंत्रण. बार्सिलोना, २६ मे १९९९, चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत. बायर्न म्युनिक सहाव्या मिनिटापासून १-०ने पुढे होतं आणि नव्वद मिनिटं संपली होती. भरपाई वेळेत मँचेस्टर युनायटेडला कॉर्नर मिळाला. त्यांचा गोलरक्षक पीटर श्मायकल स्वतःचा गोल उघडा टाकून पुढे आला. बेकहॅमचा चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला, यॉर्कने तो परत गर्दीत ढकलला, बायर्नच्या थॉर्स्टन फिंकला तो नीट बाहेर मारता आला नाही. पेनल्टी क्षेत्राच्या कडेला गिग्ज मोकळा उभा होता. त्याचा फटकाही धड नव्हता, पण वाटेत शेरिंगहॅमने पाय लावला आणि १-१. दोनेक मिनिटांत दुसरा कॉर्नर. पुन्हा बेकहॅम; या वेळी शेरिंगहॅमने डोक्याने चेंडू गोलसमोर वळवला आणि सोल्स्क्यारने तो जाळ्याच्या छतात घातला. बायर्नचा सॅमी कुफूर मैदानावर मुठी आपटत रडत होता. शंभरातले तीन-चार कधी येतील सांगता येत नाही. इथे ते लागोपाठ दोन आले.

कडेवरचा असा गिग्ज मोकळा राहू नये म्हणून एक माणूस तिथे ठेवावा लागतो. पण तो माणूस भिंतीतूनच काढावा लागतो.

गेल्या काही वर्षांत आक्रमकांनी वेगळंच शास्त्र आणलं. २०१८च्या विश्वचषकाआधी इंग्लंडचा प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट अमेरिकेतल्या बास्केटबॉलकडे बघत बसला होता. तिथे एक खेळाडू दुसऱ्याच्या पहारेकऱ्याच्या वाटेत नुसता उभा राहतो आणि सहकाऱ्याला मोकळं करतो. इंग्लंडने हे कॉर्नरला वापरलं. काही जण रांगेत एकामागे एक चिकटून उभे, मग चेंडू येताना सगळे फुटून चार दिशांना. माणूस धरणाऱ्यांची त्यात अशी टक्कर व्हायची की आपला माणूस कोणता हेच कळेना. त्या स्पर्धेत इंग्लंडचे १२ पैकी ९ गोल पेनल्टी धरून थांबलेल्या चेंडूवरून झाले. पुढे इंग्लंडमधल्याच आर्सेनल क्लबने निकोला जोव्हे या खास कॉर्नर-फ्रीकिकच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली ही विद्या आणखी धारदार केली. बेन व्हाइट गोलरक्षकाच्या वाटेत घुटमळत राहायचा, आणि दूरच्या बाजूने गॅब्रिएल धावत यायचा.

गोलरक्षकाची यात फार पंचाईत होते. बाहेर यायचं ठरवलं आणि गर्दीत अडकला, तर मागे गोल रिकामा. रेषेवर थांबला, तर दोन-तीन मीटरवरून आलेल्या हेडरला हात लावायला वेळ नाही. अर्ध्या वाटेत थांबणं सर्वांत वाईट. बघणाऱ्याला वाटतं पंच ही धक्काबुक्की का खपवून घेतात. पण चेंडू मारला जाईपर्यंत खेळ सुरूच झालेला नसतो. त्याआधी कुणी कुणाला मिठी मारली तर पंच समज देऊ शकतात, पिवळं कार्ड दाखवू शकतात, मात्र पेनल्टी देऊ शकत नाहीत. सगळी ओढाताण त्या मोकळ्या क्षणात उरकून घेतली जाते.

आणि हे सगळं व्यवस्थित असूनही लक्ष उडालं की संपलं. ७ मे २०१९, लिव्हरपूलचं मैदान अॅनफिल्ड, चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी. बार्सिलोना पहिल्या लढतीत ३-०ने जिंकलेलं, लिव्हरपूलने तिन्ही गोल फेडलेले. ७९व्या मिनिटाला लिव्हरपूलला कॉर्नर. वीस वर्षांचा ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड चेंडू ठेवून दुसऱ्याला मारू द्यावा तसा दूर निघाला, आणि अचानक परत फिरून त्याने चेंडू आत मारला. बार्सिलोनाचे नामवंत बचावपटू आपापल्या जागा शोधत होते, काहींची पाठ होती. त्याचा सहकारी ओरिगीने सहज गोल केला. कुठली पद्धत चांगली, हा प्रश्नच तिथे आला नाही.

पण कॉर्नर वाचवण्याची सर्वांत देखणी गोष्ट मला विचाराल तर ती रोस्तोव्हची, २ जुलै २०१८. जपान विरुद्ध बेल्जियम, विश्वचषकाची बाद फेरी. जपान २-०ने पुढे होतं, बेल्जियमने बरोबरी केली. भरपाई वेळेच्या चौथ्या मिनिटात जपानला कॉर्नर मिळाला. होंडाने चेंडू आत टाकला, बेल्जियमचा गोलरक्षक कुर्त्वाने तो झेलला. झेलला आणि थांबला नाही. पुढे धावत त्याने तो हाताने डी ब्रॉयनकडे सरपटवला. डी ब्रॉयन मधोमध सुटला, जपानी खेळाडू जिवाच्या आकांताने मागे पळत होते. त्याने उजवीकडे म्यूनिएला दिला, म्यूनिएने आत मारला, लुकाकूने चेंडू मुद्दाम पायांखालून जाऊ दिला आणि मागून आलेल्या शादलीने गोल केला. कुर्त्वाच्या हातातून निघाल्यापासून सारं दहा सेकंदांच्या आत-बाहेर. सामना तिथेच संपला.

इथे ‘काय सोडायचं’ हा प्रश्न उलटा होतो. बचाव करणाऱ्या संघाने दोघे वेगवान खेळाडू मध्यरेषेवर ठेवले, तर आक्रमकांना निदान तिघे मागे ठेवावे लागतात. म्हणजे आपली दोन माणसं गोलपासून लांब गेली आणि त्यांची तीन. गर्दी कमी झाली, गोलरक्षकाला जागा मिळाली. अलीकडे काही संघ तिघांनाही वर ठेवतात. धाडस आहे, पण मला ते पटतं. अकराच्या अकरा जण आत कोंबून बसणारा संघ परतवलेला चेंडूही प्रतिस्पर्ध्यालाच देतो, कारण बाहेर तो घ्यायला कुणी नसतं.

या हिशेबात आता यंत्रही उतरलं आहे. गूगल डीपमाइंडच्या संशोधकांनी लिव्हरपूल क्लबबरोबर ‘टॅक्टिकएआय’ नावाची प्रणाली बनवली आणि मार्च २०२४मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये तिचा निबंध आला. प्रीमियर लीगच्या २०२०-२१ ते २०२२-२३ या हंगामांतले ७,१७६ कॉर्नर तिला शिकवले. प्रत्येक खेळाडू हा एक बिंदू आणि बिंदूंमधली नाती, अशा जाळ्यातून ती अंदाज बांधते की चेंडू आधी कुणाला मिळेल आणि फटका बसेल का. मग ती सुचवते की अमुक बचावपटूला जरा सरकवा. लिव्हरपूलच्या तज्ज्ञांना तिच्या सूचना प्रत्यक्ष मांडणीपेक्षा ९० टक्के वेळा बऱ्या वाटल्या. सूचनाही कसल्या, कुणी थोडं पुढे, कुणी थोडं बाजूला. उमटिटी आणि फेलैनीत तेवढंच तर अंतर होतं.

आपल्याला कॉर्नरबद्दल आत्मीयता वाटायला एक कारण आहे. फिफाच्या विश्वचषकात, कुठल्याही वयोगटात, भारताचा पहिला गोल कॉर्नरवरून झाला. ९ ऑक्टोबर २०१७, दिल्ली, सतरा वर्षांखालील मुलांची स्पर्धा, समोर कोलंबिया. ८२व्या मिनिटाला संजीव स्टालिनने कॉर्नर घेतला आणि मणिपूरच्या जॅक्सन सिंगने डोक्याने तो जाळ्यात घातला. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने गोल करून सामना २-१ने जिंकला, म्हणून जल्लोष जेमतेम मिनिटभर टिकला. त्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ खेळतात तेव्हा गॅलरी कॉर्नरला जो आवाज करते, तो ऐकण्यासारखा असतो. पुढच्या वेळी तिथे गेलात, किंवा घरी टीव्हीसमोर बसलात, तर झेंड्यापाशी उभ्या असलेल्या खेळाडूकडे क्षणभर दुर्लक्ष करा. सिक्स यार्डच्या रेषेवर किती जण आहेत, खांबाला कुणी आहे का, पेनल्टी क्षेत्राच्या कडेला कोण उभा आहे आणि मध्यरेषेवर किती ठेवलेत, एवढं मोजा. चेंडू यायच्या आधीच तुम्हाला सांगता येईल की गोल झालाच, तर कुठून होईल.